राघूच्या औषधपाण्यासाठी पैसा उभा करताना: गावाकडून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पक्षी-उपचार केंद्रात आलेला एक राघू पहिल्या दिवशी काट्यावर ८४ ग्रॅम भरला. पुरता वाढलेला राघू साधारण १२० ग्रॅमच्या आसपास असतो. छातीवरून बोट फिरवलं की मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागायचं. कित्येक वर्षं तो एका गोल पिंजऱ्यात भिजवलेली चण्याची डाळ आणि हिरवी मिरची खाऊन जगला होता. तोंडात टाळूला पांढरे चट्टे, नाकपुड्या चोंदलेल्या, चोच वाढून गळ्याकडे वळलेली. नुसत्या डाळीदाण्यावर ठेवलेल्या पोपटांमध्ये जीवनसत्त्व अ कमी पडतं, त्याची ही नेहमीची लक्षणं. त्याचा उपचार सात आठवडे चालला आणि त्याचा सगळा खर्च आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या चार गावांतून उभा राहिला. सगळ्यात मोठी रक्कम ५०० रुपये होती, सगळ्यात लहान १०.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. पोपटांच्या उपचारासाठी पैसा गोळा करायचं काम सहा वर्षांपासून करते. नव्याने या कामात येणारे बहुतेक जण मला एकच विचारतात, “पैसे मागायचे कसे?” मागणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याआधी नेमका खर्च कागदावर मांडावा लागतो, आणि पैसे मिळाल्यावर त्याच माणसाकडे परत जाऊन त्याच्या पैशाचं काय झालं ते सांगावं लागतं. ही दोन्ही टोकं सांभाळली की मधलं मागणं सोपं जातं.

पक्षी कोणाचा, हे आधी

आपल्याकडचे राघू, मोठा पहाडी पोपट, डोकं जांभळट-गुलाबी असणारी टोई हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरी पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९१ पासून बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राघू अनुसूची दोनमध्ये आला. जप्त झालेला पोपट सरकारचा असतो, केंद्राचा नाही आणि आपला तर नाहीच.

पैसे मागणाऱ्याला हे सगळं कशाला, असं वाटेल. पण “आम्ही पोपट वाचवतो, मदत करा” असा बोर्ड तुम्ही लावलात आणि तुमच्याकडे वनविभागाची परवानगी नसली, तर देणाऱ्याचा पैसा बेकायदेशीर कामात जातो. म्हणून नवीन माणसाने स्वतःचं केंद्र काढायच्या भानगडीत पडू नये. वनविभागासोबत आधीच काम करणाऱ्या, मान्यता असलेल्या केंद्राशी जोडून घ्यावं आणि त्यांच्यासाठी पैसा उभा करावा. कुठे जखमी पोपट दिसला किंवा पिल्लं विकताना कोणी आढळलं, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. गावातल्या प्रत्येक पोस्टरवर हा क्रमांक टाका, क्यूआर कोडपेक्षा मोठ्या अक्षरात.

“पोपट दत्तक घ्या” हे शब्द मी वापरत नाही. लोकांना ते आवडतात, पण पुढे कोणी तरी विचारतंच, “मग घरी केव्हा न्यायचा?” त्याऐवजी “या राघूचा औषधखर्च उचला” म्हणा. अर्थ तोच राहतो आणि गैरसमज होत नाही.

खर्चाचा कागद

पहिल्या वर्षी मी आवाहन लिहिलं होतं, “पोपटांच्या उपचारासाठी ५०,००० रुपयांची गरज आहे, सढळ हाताने मदत करा.” दोन महिन्यांत त्यातला दहावा भागही जमला नाही. एका काकांनी मला सरळ विचारलं, “पन्नास हजार कशाचे, पोरी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून एकूण आकडा मी कधीच पुढे केला नाही.

डॉक्टरांसोबत एकदा तासभर बसा आणि एका पक्ष्याचा खर्च तुकडे पाडून लिहा. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते तुमच्या डॉक्टरांकडून आणि औषध दुकानातूनच घ्या. खर्चाची खाती मात्र सगळीकडे जवळपास सारखीच असतात.

जाण्यायेण्याचा खर्च सगळ्यात आधी लिहा, कारण नवे लोक नेमका तोच विसरतात. तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांत मुरलेले असतात. पोपटाचं मोडलेलं पंखाचं हाड किंवा श्वासाचा जुना आजार असला, तर पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर लागतो. तो आपल्या भागात बहुतेक नागपूरला किंवा अकोल्याला भेटतो, कारण पशुवैद्यकीय महाविद्यालयं तिथे आहेत. नागपूरला सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे. वेदनाशामकाची छोटी बाटली स्वस्त असते. ती किती थेंब द्यायची हे सांगणारा डॉक्टर मात्र शंभर किलोमीटरवर असतो. आमच्या वहीत गाडीचं पेट्रोल हा औषधांहून मोठा आकडा निघाला तेव्हा मला ते लपवावंसं वाटलं होतं. ते लपवू नका. गावातल्या माणसाला दवाखान्याच्या वाटेचा खर्च कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्याने तो स्वतःच्या आईवडिलांसाठी केलेला असतो.

त्यानंतर तपासणीचा खर्च: एक्स-रे, विष्ठेची तपासणी, गरज पडली तर रक्ताची. चोच घासणं किंवा हाड बसवणं यासाठी भूल द्यावी लागली तर पक्ष्यांना वायूची भूल जास्त सुरक्षित असते. ती सगळीकडे मिळत नाही आणि स्वस्तही नसते.

मग औषधं. इथे दिवस लिहा, नुसतं औषधाचं नाव लिहून भागत नाही. उदाहरण घ्या. पोपटांना सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्ग होतो, तो माणसालाही लागतो. त्यावर डॉक्टर साधारण ४५ दिवसांचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स देतात. “एका राघूला ४५ दिवस औषध” हे वाक्य देणाऱ्याच्या मनात बसतं. एक दिवसाचा खर्च काढून ठेवला की १० रुपये देणाऱ्यालाही आपण कितव्या दिवसाचं औषध दिलं ते सांगता येतं. याच खात्यात काम करणाऱ्यांचे मास्क आणि हातमोजे धरा. ते चैनीचे नाहीत.

चौथं खातं बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे वाट पाहण्याचा खर्च. पंख कापलेला पोपट लगेच उडत नाही. कापलेलं पीस तसंच राहतं, ते झडून नवं येईल तेव्हाच पंख भरतो. पिसं साधारण वर्षातून एकदा बदलतात. म्हणजे आजार बरा झाला तरी पक्षी कित्येक महिने, कधी वर्षभर केंद्रात राहणार. त्याला ज्वारीची कणसं, पेरू, पालक, गाजर, लाल भोपळा लागणार, आणि उडून उडून छातीत ताकद यावी म्हणून लांब जाळीघर लागणार. नव्या पक्ष्याला आधी महिना-दीड महिना बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, त्यासाठी वेगळी खोली. “बरा झाला तर सोडत काऊन नाही?” असं विचारणाऱ्याला हे नीट समजावता आलं पाहिजे.

वस्तूंची यादी वेगळी करा. ग्रॅम दाखवणारा काटा, इन्सुलिनच्या सिरिंजा, पिल्लांना भरवायची नळी, थर्मामीटर, चिकटपट्टी, सलाइन. थर्मामीटर कशाला, हे मी मुद्दाम सांगते. उघड्या डोळ्यांचं पिल्लू अन्नासाठी मान वर करून ओरडतं तेव्हा हातातली वाटी गरम आहे की कोमट हे अंदाजाने ठरवलं जातं. पिल्लाला भरवायची पातळ भरड ४० अंशांच्या आसपास कोमट हवी. त्याहून बरीच गरम भरवली तर गळ्यातली पोटली आतून भाजते आणि चार-पाच दिवसांनी मानेखालची कातडी फुटून खाल्लेलं बाहेर येतं. मी ते एकदा पाहिलं आहे. ते पिल्लू माझ्या ओंजळीत होतं. त्या आठवड्यात मी वर्गणीत सगळ्यात आधी थर्मामीटर मागितला आणि औषध दुकानदाराने पैसे न घेता दिला.

एक गोष्ट डॉक्टरांबद्दल. काही डॉक्टर फी घेत नाहीत. तरी वहीत शून्य लिहू नका. त्यांची नेहमीची फी लिहा आणि शेजारी “डॉक्टरांची देणगी” असं लिहा. नाही तर पुढच्या डॉक्टरांनीही फुकटच करावं अशी लोकांची अपेक्षा बनते, आणि एक दिवस ते डॉक्टर बदलीवर गेले की तुमचा सगळा हिशोब कोसळतो.

पैसा कोणाच्या खात्यात

स्वतःच्या फोनपेवर पैसे घेऊ नका. एका संध्याकाळपुरतेही नाही. सुरुवातीला मी घेतले होते, घाईचा प्रसंग होता, पक्षी गाडीत होता. एकूण एक रुपया खर्चाला लागला, बिलं होती, तरी पुढे चार लोकांत विषय निघाला तेव्हा माझी मान खाली गेली. क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा असावा, खातं संस्थेचं असावं आणि त्यावर दोन सह्या लागाव्यात. देणाऱ्याने स्कॅन केलं की पडद्यावर संस्थेचं नाव दिसलं पाहिजे. ते बघूनच पैसे पाठवा, असं आपणच सांगावं.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, दरवर्षीचं ऑडिट झालं आहे का, ते काम सुरू करण्याआधी बघून घ्या. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी काढतात हे आपण दरवर्षी ऐकतो. नोंदणी नसलेल्या गटाने जाहीर वर्गणी मागायची असेल तर त्याच कार्यालयात जाऊन आधी विचारावं.

पावती प्रत्येक रकमेची. दहा रुपयांचीही. पावतीवर क्रमांक, नाव, गाव, तारीख, कशासाठी. “एक हितचिंतक” असं लिहायचा मोह होतो, पण नाव-पत्ता नसलेल्या देणग्या मोठ्या झाल्या की संस्थेला प्राप्तिकराचा त्रास होऊ शकतो. ज्याला नाव जाहीर नको असेल त्याचं नाव फळ्यावर लिहू नका, वहीत मात्र असू द्या.

नोकरदार माणूस हमखास विचारतो, “८० जी आहे का?” म्हणजे या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळेल का. त्याला तीन गोष्टी खऱ्या सांगा. संस्थेला ती मान्यता असेल तरच सवलत मिळते. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर मिळत नाही, म्हणून बँकेतून किंवा यूपीआयने द्या. आणि त्याचा कर नव्या करप्रणालीने लागत असेल तर ही सवलत त्याला लागूच नाही. हे तिसरं सांगितल्यावर देणगी जाईल अशी भीती वाटते. मला तसा अनुभव नाही. खरं सांगितलेल्या माणसाने पुढच्या वर्षीही दिलं आहे. धान्य, औषधं, जाळी अशा वस्तूंवर ही सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगून टाका.

परदेशातला पैसा नव्या माणसाने हाताळू नये. अमेरिकेत गेलेला गावचा मुलगा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर प्रश्न नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय देणगी ठरतो आणि त्यासाठी संस्थेला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते.

केव्हा मागायचं

माझ्या मते गावाकडच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि शहरातून आलेली माणसं इथेच चुकतात.

पोपटांची गरज उन्हाळ्याकडे झुकलेली असते. राघूची वीण साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते. कडुनिंब, आंबा, मोहाच्या ढोलीतून पिल्लं काढणारे त्याच सुमारास फिरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पिल्लं विकायला निघतात. पकडली गेली तर एका खोक्यातून वीस-तीस पिल्लं एकदम येतात, दर दोन-तीन तासांनी भरवायची. त्यानंतर मे महिना. पारा ४५ च्या वर गेला की झाडाखाली पडलेले, चोच उघडी टाकून धापा टाकणारे पक्षी येऊ लागतात. त्याआधी संक्रांतीला नायलॉन मांजाने कापलेले पंख असतातच.

गावातला पैसा मात्र या वेळापत्रकाने चालत नाही. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की वेचणीचा पैसा दिवाळीनंतर हातात येऊ लागतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात शेतकऱ्याच्या हातात जे असतं ते बियाणं-खतासाठी बाजूला काढलेलं असतं. जून-जुलैत पेरणी. त्या दोन महिन्यांत शेतकऱ्याच्या दारात वर्गणीला जाऊ नका. पाऊस लांबला असेल, दुबार पेरणीची वेळ आली असेल, तर त्या वर्षी त्या घरांकडून काहीच मागू नका.

म्हणून उन्हाळ्याचा पैसा नोव्हेंबर ते जानेवारीत जमवून बँकेत ठेवायचा. “आता तर तुमच्याकडे आजारी पक्षी कमी आहेत, मग पैसे कशाला?” असं विचारतील. तेव्हा मागच्या उन्हाळ्याची वही उघडून दाखवायची.

सुगीत धान्य मागा. नोटेपेक्षा पायलीभर ज्वारी देणं शेतकऱ्याला सोपं जातं आणि त्यात त्याचा मानही असतो. धान्य घेताना फवारणी केव्हा झाली ते विचारा. ते विचारायला संकोच करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. विचारण्याचं कारण लगेच समजतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त नियमित देणाऱ्या बाया तिथून जोडल्या गेल्या. मी तिथे दोन छोट्या कापडी पिशव्या नेते, दोन्हीत ज्वारी. एकीत ८४ ग्रॅम, दुसरीत १२०. दोन्ही हातांत एकेक ठेवायला देते आणि सांगते की हा आला तेव्हाचा राघू आणि हा बरा झालेला. मग थोडा वेळ गप्प बसते. पिशव्या हातोहात फिरतात. प्रत्येक बाई दोन-तीनदा हात खालीवर करून बघते. त्यानंतर महिन्याला २० रुपये द्याल का, एवढंच विचारते. ६० घरांनी २० रुपये दिले की महिन्याचे १,२०० होतात. एकदाच मिळालेल्या मोठ्या नोटेपेक्षा मला हे जास्त मोलाचे वाटतात, कारण पुढच्या महिन्यात ते येणार हे धरून डॉक्टरांना शब्द देता येतो.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यांच्याकडून आपणहून मागू नका. पण शाळेत जाऊन पोपट कसा जगतो ते सांगितलं असेल तर एखादं पोर स्वतःच मूठ उघडतं. त्याला पावती त्याच्या नावाची द्या, बापाच्या नावाची नको.

जे प्रश्न विचारले जातातच

एका शेतात ज्वारीच्या राखणीला बसलेल्या दादांकडे मी गेले होते. हातात गोफण. म्हणाले, “आमच्या कणसाले चोच मारते तो. अन् त्याच्या दवापाण्याले आमीच पैसे द्याचे काय?”

अशा वेळी वाद घालू नका आणि पोपट निसर्गाचं कसं भलं करतो याचं व्याख्यानही देऊ नका. पोपट नुकसान करतो, हे खरं आहे. मी तेच म्हटलं. मग एवढंच सांगितलं की आमच्याकडे येणारा पक्षी पिल्लू असताना ढोलीतून काढलेला आहे, तो आयुष्यात कधी शेतात उतरलेला नाही, त्याच्या वाट्याला फक्त पिंजरा आला. दादा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाच्या हाती पोतंभर कणसं आली, पाखरांनी अर्धी खाल्लेली. बाजारात ती चालली नसती, आमच्या पक्ष्यांना चालत होती. त्या हंगामापासून मी राखणीच्या शेतांत पैसे मागत नाही, खाल्लेली कणसंच मागते.

दुसरा प्रश्न जास्त कठीण. “इथे माणसं कर्जापायी जीव देऊन राहिली, अन् तुम्ही पाखरांसाठी मागता?” विदर्भात हा प्रश्न विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे. त्याला झटपट उत्तर नाही. मी ऐकून घेते. ज्या घरात दुःख झालं आहे तिथे वर्षभर वर्गणीसाठी पाय टाकत नाही. माणसाच्या मदतीच्या पेटीशेजारी आमची पेटी ठेवत नाही. आणि कोणी शांतपणे ऐकायला तयार असेल तर गाडगेबाबांची आठवण काढते. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, बेघराला आसरा आहे, आणि पशुपक्ष्यांना अभयही आहे. एकाच माणसाने, आपल्याच अमरावतीकडच्या, ही सगळी कामं एका ओळीत ठेवली होती.

पक्षी दाखवून पैसे मागू नका

जत्रेत, आठवडी बाजारात, शाळेत पक्षी नेऊ नका. गर्दीने आजारी पोपट आणखी खचतो, आणि माणसांच्या अंगाखांद्यावर बसलेला पोपट पाहिला की बघणाऱ्याला तो घरी पाळावासा वाटतो. म्हणजे आपणच पुढच्या पिंजऱ्याची सोय करतो. हातावर बसलेल्या राघूचा व्हिडिओ भरपूर फिरतो, मदतही आणतो. तरी टाकू नका. फोटो हवा असेल तर काट्यावरच्या आकड्याचा, एक्स-रेचा, औषधाच्या बिलाचा, किंवा जाळीघरात लांबून काढलेला टाका. रक्त, जखमा दाखवू नका. कुठल्या झाडावर ढोली आहे हे चुकूनही सांगू नका.

बाजारात मांडायला आमच्याकडे एक रिकामा पिंजरा आहे, एका आजींनी राघू स्वतःहून आणून दिला तेव्हा सोबत दिलेला. टीचभर व्यासाचा. तो टेबलावर असला की लोक थांबतात. कोणी तरी आत हात घालून बघतंच, पंख उघडला तर कुठपर्यंत जाईल ते. काहींनी त्यानंतर घरचा पोपट वनविभागाकडे द्यायचा कसा, हे हळूच विचारलं आहे. अशा माणसाला लाजवू नका. आधी त्याचं काम करा, वर्गणीचं नंतर बघू.

मोठा पैसा

मिलाप, केटोसारख्या ऑनलाइन मंचांवर एका मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मागता येतं. पण तिथे डॉक्टरांचा लेखी अंदाज आणि बिलं लागतात आणि मंच शुल्क घेतो का ते आधी वाचावं लागतं. रोजच्या औषधाला ते उपयोगाचं नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी द्यायच्या पैशात, प्राणी कल्याण हा विषय कायद्यानेच धरलेला आहे. विदर्भात कोळसा, वीज, सिमेंटच्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडे जाताना हा पैसा घेण्यासाठीची संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. त्यांच्याकडून औषध मागू नका, जाळीघर, एक्स-रे यंत्र, वेगळी खोली अशी एकदाच बांधायची वस्तू मागा. नव्या माणसाने दोन वर्षं गावाचा हिशोब नीट सांभाळावा आणि मग तीच वही घेऊन तिथे जावं.

परत जाऊन सांगणं

दर महिन्याच्या पाच तारखेला आमचा हिशोब तीन ठिकाणी लागतो: केंद्राच्या दारावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि चहाच्या टपरीवर. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, कुठल्या पक्ष्यावर. टपरीवरचा कागद सगळ्यात जास्त वाचला जातो. व्हॉट्सअॅपवर तोच कागद जातो, पण म्हाताऱ्या माणसांना तोंडी सांगावं लागतं. भाजी विकणाऱ्या एक मावशी दर बुधवारी १० रुपये द्यायच्या आणि विचारायच्या, “कसा हाये आता राघू? किती भरला?” मी आकडा सांगायची. ८८. ९१. मधे एका आठवड्यात परत ८९. तेव्हा त्यांनी स्वतःहून एक गाजर काढून दिलं.

पक्षी सोडला की ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांना कळवा. सोडायचा निर्णय वनविभाग आणि डॉक्टरांचा असतो. पाहुणे बोलावून, फीत कापून सोडायचा आग्रह धरू नका. काही पोपट कधीच सोडता येत नाहीत, पंख कायमचा गेलेला असतो. राघू पिंजऱ्यात वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो. अशांसाठी महिन्याच्या २० रुपयांच्या देणगीदारांपैकी काही घरं वेगळी जोडून ठेवा आणि त्यांना सुरुवातीलाच सांगा की हे लांबचं आहे.

आणि पक्षी मेला तर त्याच दिवशी सांगा. आजारी पोपट शेवटपर्यंत आजार लपवतो, त्यामुळे आपल्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. बरेच जगत नाहीत. मरणाची बातमी दाबून ठेवली आणि देणाऱ्याला महिन्याने बाहेरून कळली, तर तो माणूस परत येत नाही. आम्ही असं पाठवतो: “तुम्ही ज्याच्या औषधासाठी १०० रुपये दिले होते तो राघू आज पहाटे गेला. नऊ दिवस औषध चाललं. तुमच्या रकमेतले ६० रुपये खर्च झाले, ४० शिल्लक आहेत. ते परत हवे असतील तर सांगा, नाही तर खोलीत दुसरा एक आहे, त्याच्या औषधाला लावतो.” खाली डॉक्टरांनी सांगितलेलं कारण एका ओळीत, आणि बिलाचा फोटो. मावशींना मात्र मी मेसेज करत नाही. बुधवारी बाजारात जाते, त्यांच्या पाटीजवळ बसते आणि सांगते.